२६ जुलैचं चित्र आणि त्यात हरवलेलं कुलाबा

महोदय,

मी कुर्ल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. २६ जुलै २००५ ची रात्र आम्ही दोघी शिक्षिका आणि घरी न पोहोचलेली मुलं, सगळ्यांनी पहिल्या मजल्यावर बाकं जोडून काढली. खाली व्हरांड्यात कमरेएवढं पाणी होतं.

माझी भाची भूगोलात पदवी करते. मागच्या महिन्यात तिला त्याच दिवसाचा अभ्याससंच मिळाला. त्यात उपग्रहाचं एकच चित्र: रंगीत मूळ चित्राची करडी झेरॉक्स, किनाऱ्याची रेघ जाड, कोपऱ्यात ‘१२.००’. तिने त्यावरून लिहिलं, ‘मुंबईभर सारखाच पाऊस झाला.’ तिची चूक नाही, चित्रात तसंच दिसतं. प्रत्यक्षात २७ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३.

त्या वेळच्या आपल्या कल्पना-१ उपग्रहाच्या अवरक्त (म्हणजे ढगांची उष्णता टिपणाऱ्या) चित्रात एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान ठिपका, आठ किलोमीटरचा. सांताक्रूझ ते कुलाबा सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल. त्यातच चित्र जेपेगमध्ये दाबून लहान केलं की शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. शिवाय उपग्रह विषुववृत्तावरून तिरकं बघतो, म्हणून पंधरा किलोमीटर उंचीचा ढगमाथा मुंबईच्या अक्षांशावर सुमारे सहा किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. यातलं काहीही संचात लिहिलेलं नाही.

आणि ती वेळ! बारा म्हणजे आपले दुपारचे बारा असतील, तर खरा धिंगाणा अजून सुरूच व्हायचा होता. तो अडीचनंतर झाला. ग्रीनिच वेळ असेल, तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे ऐन कहर. मुलं दुपारच्या ढगाला संध्याकाळचा पाऊस चिकटवत बसतात.

संच तयार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चित्राखाली उपग्रहाचं नाव, वाहिनी (चित्र साध्या प्रकाशातलं की अवरक्त), पिक्सेलचा आकार आणि भारतीय वेळ छापा. शक्य असेल तिथे ढगमाथ्याच्या तापमानाचे आकडे असलेली मूळ फाइल द्या. रंग निघून गेला तरी आकडे राहतात. २६ जुलै २०१३ ला, बरोबर आठ वर्षांनी, इन्सॅट-३डी हा आपला हवामान उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या अवरक्त चित्रात पिक्सेल चार किलोमीटरचा आहे आणि इन्सॅटच्या फाइली नोंदणी केल्यावर इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळावरून उतरवता येतात. अलीकडच्या पुरांचे संच तरी त्यावरून करता येतील. आणि उपग्रहाच्या चित्राशेजारी पर्जन्यमापकांचे आकडे हवेतच. ते नसते, तर भाचीला कुलाबा कळलंच नसतं.

तूर्त तिच्या प्रतीवर दोन्ही केंद्रांचे आकडे मी पेन्सिलीने लिहून दिले आहेत. वेळेपुढे मात्र प्रश्नचिन्हच आहे.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका, डोंबिवली