सॉस जमला रे, बाळ्या

वेंगुर्ला,
श्रावणातला दुसरा शनिवार

प्रिय बाळ्या,

दुबईत करामाच्या खोलीत राहायचो तेव्हा पगाराच्या दिवशी तू मॅकडोनाल्ड्समध्ये बिग मॅकचा सॉस वेगळा मागून घ्यायचास आणि फ्राईज संपल्या तरी बोटाने चाटत बसायचास, आठवतं? मला इथे परत येऊन तीन वर्षं झाली, पण तो सॉस काही जिभेवरून जाईना. इकडे महाराजा मॅक मिळतो, बिग मॅक नाही. आणि मिळाला असता तरी वेंगुर्ल्यात कुठला!

गुपित वगैरे काही नाही त्यात. २०१२ साली त्यांच्याच शेफने, डॅन कूड्रोने, व्हिडिओत करून दाखवला होता. मेयोनेज, काकडीचं गोड रेलिश, पिवळी मस्टर्ड, व्हिनेगर, लसणीची आणि कांद्याची पावडर, पॅप्रिका. झालं. आपण तो रंग केचपचा समजून पैज लावली होती ना? दोघंही हरलो, तो पॅप्रिकाचा. मी ब्याडगीची पूड घातली. रंग तोच, तिखट बेताचं.

पण श्रावण! घरात अंडं आणलं तर आई मला पडवीत झोपायला लावेल. म्हणून दुधाचं मेयोनेज केलं. अर्धा कप गार दूध, एक कप तेल, उभट भांडं. हँड ब्लेंडर तळाला टेकवायचा आणि अजिबात हलवायचा नाही. खाली पांढरं घट्ट दिसायला लागलं की मग सावकाश वर आणायचा. पहिल्या खेपेला मी घाई केली, त्यात लाईट गेली. भांड्यात तेलकट दूध. ते गुपचूप परसात ओतलं. दुसऱ्या खेपेला मात्र असं झालं की चमचा उभा राहील.

मग शहाणपणा सुचला. व्हिनेगर कशाला, घरचं कोकमाचं आगळ आहे की! दोन चमचे घातलं आणि सगळं गुलाबी. आई डोकावली, ‘ह्या काय रे? सोलकढीत तेल ओतलंस काय?’ खारटही झालं, आगळात मीठ असतंच. मुकाट्याने बाजारातून व्हिनेगर आणलं.

खरी गंमत रेलिशची. मांडवावरचं तवसं, म्हणजे आपली मोठी काकडी, काढलं, बिया काढून अगदी बारीक चिरलं, मीठ लावून तासभर ठेवलं, फडक्यात पिळलं आणि साखर-व्हिनेगरात जरा आटवलं. मोहरी पिवळी मिळाली नाही, काळीच घेतली आणि हळद घालून व्हिनेगरात फेसली. नाकात झणका गेला, म्हणून अर्धाच चमचा घातला. करून लगेच चाखला तेव्हा नुसता कच्च्या लसणीचा वास. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर सकाळी झाकण उघडलं आणि बाळ्या, करामा!

बटाट्याच्या फ्राईज केल्याच नाहीत. नीरफणसाची कापं तळली, तांदळाच्या पिठात घोळवून. गरम काप त्या गार सॉसात बुडवून बघ, फ्राईज विसरशील. आईने न बोलता चार खाल्ली, मग म्हणाली, ‘वायच हिंग होयो होतो.’

चतुर्थीला येशील तेव्हा तिकडच्या रेलिशची एक बाटली घेऊन ये. माझं तवसं शेजारी ठेवून चाखू. आणि पैजेचं जेवण तुझ्याकडेच, केचप आधी तू म्हणाला होतास.

तुझा,
दाजी