खुले पत्र : नशेच्या नव्या पदार्थांवरचे विधेयक कुठे अडले?

मा. गृहमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

नशेच्या नव्या रासायनिक पदार्थांच्या विक्रीला आळा घालणारे विधेयक याच अधिवेशनात मांडू, असा शब्द आपण सभागृहात दिला होता. अधिवेशन संपले, विधेयक आले नाही, आणि माझा १९ वर्षांचा मुलगा झटके येऊन अतिदक्षता विभागात दाखल झाला. त्याने ओढलेल्या मिश्रणाच्या पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे छापले होते. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत काहीही आढळले नाही, कारण ती गांजा ओळखते, त्याची जागा घेणारी कृत्रिम कॅनाबिनॉइड्स, म्हणजे गांजासारखी नशा देणारी प्रयोगशाळेतली रसायने, ओळखत नाही. त्याच्या शरीरात काय गेले आहे, हे डॉक्टर मला विचारत होते, आणि आई असून मला सांगता येत नव्हते. आजही तो वाक्य अर्धवट सोडून माझ्याकडे पाहत राहतो. विकणारा मात्र सुटला. सापडलेले रसायन कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीत, नव्हते.

बंदी आलेल्या रसायनाच्या रचनेत किरकोळ फेरफार केला की कायद्याच्या दृष्टीने तो वेगळा पदार्थ ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाकडे असे १,२०० हून अधिक पदार्थ नोंदले गेले आहेत. मेफेड्रोन हे उत्तेजक रसायन २००९ मध्येच युरोपात सर्रास विकले जात होते. नशेच्या पदार्थांवरील १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुसूचीत ते २०१५ मध्ये आले. मधल्या वर्षांतल्या मुलांचे काय, याचे उत्तर कोणत्या समितीकडे मागायचे?

आयर्लंडने २०१० मध्ये आणि ब्रिटनने २०१६ मध्ये रसायनाच्या नावाऐवजी त्याचा मेंदूवर होणारा परिणाम हा निकष धरला आणि मद्य, तंबाखू, औषधे वगळून विक्रीलाच गुन्हा ठरवले. ब्रिटनमध्ये विक्रेत्याला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण तुरुंगाबाहेर स्वतःपुरता पदार्थ बाळगणाऱ्यावर त्या कायद्याखाली खटला होत नाही. मला हाच भेद हवा आहे, कारण माझा मुलगा रुग्ण आहे. उघड दुकाने तिथे बंद झाली. काही विक्री रस्त्यावर सरकली, आणि परिणाम न्यायालयात सिद्ध करणेही सोपे गेले नाही. म्हणूनच कायद्याबरोबर सुसज्ज प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ हवेत.

या अडचणी पुढे करून फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरवणारी आपली यंत्रणा विक्रेत्यांना वेळ देते आहे. सही कोणाची राहिली, हे विचारले तर कोणीही नाव सांगत नाही. विधेयक कोणत्या तारखेला मांडणार, ते लेखी कळवावे.

आपली,
एक आई