इंजिन बंद पडल्यावर समोरचे शेतच बरे

महोदय,

प्रशिक्षणाचे छोटे विमान शेतात उतरले की 'धावपट्टी इतकी जवळ होती, मग विमान मागे का फिरवले नाही?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. बारामती, शिरपूर, गोंदियाच्या आकाशात ही विमाने सतत दिसतात, म्हणून याचे उत्तर सर्वांना कळायला हवे.

उड्डाणानंतर 500 फुटांवर सेसना 152 या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचे इंजिन बंद पडले, तर जमीन गाठायला जेमतेम पाऊण मिनिट लागते. काय घडले हे उमगण्यातच पहिले काही सेकंद जातात. पुन्हा धावपट्टीच्या रेषेत यायचे तर 180 अंशांचे वळण पुरत नाही, कारण वळताना विमान रेषेपासून बाजूला जाते. घाईने 45 अंश कलवले, तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग, सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो आणि उंची झपाट्याने घटते. जमीन वर येताना पाहून वैमानिक नाक वर ओढतो. विमान एका पंखावर कोसळते, सावरायला उंचीच नसते.

म्हणून सर्वांत आधी नाक खाली आणि वेग 60 नॉट (ताशी सुमारे 110 किमी). मग समोर, फार तर थोडे डावी-उजवीकडे, शेत निवडायचे. उभ्या उसापेक्षा कापणी झालेले रान चांगले, आणि उतरायचे ते सरींच्या दिशेने. आडव्या सरीत पुढचे चाक रुतून विमान उलटते. द्राक्षबाग टाळावी, तिथे लोखंडी अँगल आणि तारा असतात. रस्ता मोहात पाडतो, पण कडेच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. खांब मात्र दिसतात, ते शोधावेत.

उंची असेल तरच इंजिन पुन्हा सुरू करून पाहावे: कार्ब्युरेटर हीट (इंधन-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा) पूर्ण, इंधनाचा व्हॉल्व्ह उघडा, मिक्श्चर रिच (मिश्रणात इंधन जास्त), मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी दोन यंत्रे, 'बोथ'वर. दमट हवेत 20-25 अंश तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) हळूहळू उतरतात. हीट दिल्यावर वितळलेले पाणी आत जाऊन इंजिन आणखी खडखडते. घाबरून विद्यार्थी हीट बंद करतात, तिथेच घात होतो. ही उष्णता सायलेन्सरकडून येते. इंजिन थंडावल्यावर ती मिळणार नाही.

उतरणे अटळ झाले की मिक्श्चर, इंधन आणि मॅग्नेटो बंद. दारे आधीच उघडी करावीत, नाहीतर चौकट वाकून ती अडकतात. विमानाची वीज तोडणारा मास्टर स्विच शेवटी, कारण फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवणाऱ्या पंखांच्या मागच्या झडपा) विजेवर चालतात.

मदतीला धावणाऱ्या गावकऱ्यांनी नाकावरच्या पंख्याला (प्रोपेलरला) हात लावू नये. मॅग्नेटो चालू राहिला असेल, तर बॅटरी बंद असतानाही पंखा हाताने हलवल्यास इंजिन फिरू शकते. या विमानाच्या पंखांत 90 लिटरपेक्षा जास्त पेट्रोल मावते. त्यामुळे विडी-काडी आणि गर्दी दूर ठेवून आधी आतल्या माणसाचा पट्टा सोडवावा.

— एक उड्डाण प्रशिक्षक, पुणे