मंद गॅमा स्फोटांचं कोडं

महोदय,

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार म्हटल्यापासून आमच्या हिंगोलीची मुलं ताऱ्यांबद्दल प्रश्न विचारतात. त्यांना मी २५ एप्रिल १९९८ ची गोष्ट सांगतो. त्या दिवशी गॅमा किरणांचा (सर्वांत जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा) एक स्फोट टिपला गेला आणि त्याच दिशेला १९९८बीडब्ल्यू हा सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा, सापडला. अंतर सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे अशा स्फोटांच्या हिशेबात शेजारच. तरी तो गॅमा स्फोट नेहमीच्या गॅमा स्फोटांपेक्षा हजारो पटींनी मंद!

असं का? प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळला की जवळजवळ प्रकाशवेगाने झोत निघतो. तो दुबळा असेल तर ताऱ्याच्या थरांतच गुदमरतो. त्याच्या धक्क्याची लाट, म्हणजे आघाततरंग, तेवढी बाहेर फुटते आणि त्याचीच ही मंद चमक, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. झोत आपल्याकडे रोखलेला नसतो म्हणून मंद दिसतो, हे दुसरं मत. मला पहिलं पटतं, कारण २००६ च्या अशाच स्फोटात आघाततरंगाने तापवलेल्या वायूचे वाटावेत असे क्ष-किरण दिसले होते.

१९९८ च्या त्या सुपरनोव्हाचा रेडिओ अभ्यास करणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी आघाडीवर होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? महिन्यातून एकदा तरी आपल्या अंकात खगोलशास्त्राला अर्धं पान द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षक, वसमत (जि. हिंगोली)