दोशींचे स्मारक पुण्यात हवे, पण पुतळा नको

वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी म्हटले की अहमदाबाद आठवते. ते साहजिकच आहे. पण त्यांचा जन्म १९२७ मध्ये पुण्यातला. घराचा व्यवसाय फर्निचरचा, म्हणजे लाकूड आणि माप यांची ओळख त्यांना इथेच झाली. पुढे मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण, पॅरिसला नामवंत वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम आणि २०१८ मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

त्यांच्या जन्मगावी स्मारक व्हावेच, पण चौकातला पुतळा नको. (कावळ्यांची सोय आपण पुरेशी केलेली आहे.) इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरिबांना जोते आणि नळ-संडासाची सोय दिली, वरचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. ओटा, जिना, गल्ली यांचा त्यांनी माणसे भेटण्याची जागा म्हणून विचार केला. ‘संगाथ’ या त्यांच्या अहमदाबादच्या कार्यालयात तर गवताच्या पायऱ्यांवर कुणीही टेकावे.

महापालिकेने जुन्या पेठांत एखादी पडीक जागा शोधून सावलीचा, पायऱ्यांचा साधा कट्टा बांधावा. आराखडा शहरातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून मागवावा. आणि कृपया, कुंपण व कुलूप नको.

– एक वाचक, पुणे