विषय : मधलं बटण बंद पडलेला माऊस आणि परस्पर 'निकाली' काढलेली तक्रार

ग्राहक सेवा व्यवस्थापक,

तुमच्या प्रतिनिधीने आत्ता फोन ठेवला आणि पाठोपाठ मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' कोणाचं समाधान झालं तेवढं कळवा. माझं झालेलं नाही.

माऊस वॉरंटीत आहे. चाक फिरतं, पण ते दाबल्यावर चालणारं मधलं बटण कधी लागतच नाही, कधी एका दाबात दोनदा लागतं. मी ऑटोकॅडवर घरांचे नकाशे काढते. हे बटण दाबून धरलं की नकाशा सरकतो. दोनदा लागलं की अख्खं ड्रॉइंग पडद्यावर मावेल एवढं होतं. जिन्याच्या पायरीचं माप टाकताना समोर एकदम सगळा प्लॉट!

पोर्ट बदललं, दुसऱ्या लॅपटॉपला लावलं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ब्राउझरमध्ये लिंकवर हेच बटण दाबलं तरी नवा टॅब उघडेलच याची खात्री नाही. त्याच पोर्टात जुना, स्वस्तातला माऊस बिनतक्रार चालतो. दोष कुठे आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. पण आजचं संभाषण वाचाच.

"चाक फिरतंय का?" फिरतं. "पेज खाली जातंय?" जातं. "वर?" वरही जातं. "मग प्रॉडक्टमध्ये फॉल्ट नाही, मॅडम." मी म्हटलं, चाकाचं फिरणं एन्कोडर मोजतो आणि दाबणं खालचा मायक्रोस्विच, एक चालतो म्हणून दुसरा चालेलच असं नाही. थोडा वेळ शांतता. मग, "पण पेज खाली जातंय ना?" मी पुन्हा मायक्रोस्विचपासून सुरुवात केली. त्यावर उत्तर आलं, "मॅडम, घरात कोणी सर आहेत का? त्यांना फोन द्या, टेक्निकल आहे, समजावून सांगतो."

आहेत की सर. माझे सासरे. मोबाईलवर भजनं ऐकतात. एन्कोडरवर त्यांच्याशी चर्चा करायची असेल तर चारनंतर फोन करा, तोवर ते झोपलेले असतात.

आणि यावर तक्रार बंद. मला न विचारता. 'समाधानकारक'!

खोक्यावर 'लाखो क्लिक टिकणारी बटणं' छापलंय. ते फक्त डाव्या-उजव्यापुरतं असेल तर मधल्याखाली काय बसवलंय?

आठवड्याभरात बदली माऊस पाठवा आणि हा न्यायला कुरिअरही तुमचाच. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष वस्तूबरोबर सेवेतली त्रुटीही येते. कॉलचं रेकॉर्डिंग पुसू नका, मागवणार आहे.

ज्या आर्किटेक्टची कामं मी करते, त्यांच्या ऑफिसात तुमचेच माऊस घ्या म्हणून मीच सांगितलं होतं. त्यांची पुढची खरेदी याच महिन्यात आहे.

तुमची ग्राहक
(तक्रार क्रमांक तुमच्याकडे 'निकाली'च्या रकान्यात सापडेल.)