भाषांतरकाराच्या शेजारी बसलेल्या माणसाचंही नाव छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला एकोणिसाव्या शतकातल्या भाषांतरकारांवरचा लेख वाचला, आवडला, घरात सगळ्यांना वाचायला दिला. फारसी कवी उमर खय्यामच्या रुबाया (चार ओळींच्या कविता) इंग्रजीत आणणारे फिट्झजेराल्ड, शेक्सपिअर जर्मनमधे नेणारे श्लेगेल, रशियाचे झुकोव्स्की, चीनचे लिन शू हे सगळे मराठीत एका पानावर क्वचितच भेटतात, त्यासाठी आधी मनापासून आभार. पण एक गोष्ट सलत राहिली. या प्रत्येकाच्या शेजारी अजून कोणीतरी बसलेलं होतं, कधी मूळ भाषा समजावून देणारं, कधी निम्मं काम स्वतः उरकणारं, आणि त्यातलं एकही नाव लेखात नाही.

लिन शूंचंच बघा. त्यांना एकही परकी भाषा येत नव्हती हे तुम्ही लिहिलंय, पण मग काम झालं कसं? धाकट्या ड्यूमाची 'कॅमिलिया' कादंबरी १८९९ मधे चिनीत आली ती वांग शौचांग या त्यांच्या मित्रामुळे. हा फ्रान्समधे शिकून आलेला, तो फ्रेंच पुस्तक समोर ठेवून बोलता बोलता चिनीत सांगत जायचा आणि लिन शू ऐकता ऐकता जुन्या ग्रांथिक चिनीत लिहीत जायचे. लिन शूंची बायको नुकतीच वारली होती, त्या दुःखातून बाहेर काढायला मित्रांनीच त्यांना या कामाला बसवलं. पुढे 'अंकल टॉम्स केबिन' १९०१ मधे आली, डिकन्स आला, तेव्हा सांगणारा होता वेई यी. दीडशेच्या वर पुस्तकं झाली आणि सांगणारे बदलत गेले, पण सांगणारा नसता तर एक ओळ कागदावर उतरली नसती हो.

फिट्झजेराल्डची गोष्ट तर मला अजून महत्त्वाची वाटते कारण तिचा एक धागा आपल्या देशात आहे. त्यांना फारसी शिकवली एडवर्ड कॉवेलने, जो त्यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. १८५६ मधे ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत उमर खय्यामच्या १५८ रुबायांचं जुनं हस्तलिखित याच कॉवेलला सापडलं, त्याने नक्कल करून दिली, आणि त्याच वर्षी तो कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरीला आला. इथेही स्वस्थ बसला नाही, एशियाटिक सोसायटीतलं दुसरं हस्तलिखित शोधून त्याची नक्कल इंग्लंडला पाठवली, आणि मग अडलेल्या ओळींबद्दल पत्रं जात येत राहिली. १८५९ मधे पुस्तक निघालं २५० प्रतींचं, त्यावर खुद्द भाषांतरकाराचंही नाव नव्हतं, कोणी विकत घेईना म्हणून दुकानदाराने एका पेनीला एक अशी बाहेरच्या खोक्यात टाकलेली. आज फिट्झजेराल्ड जगाला माहीत आहे. कॉवेल पुढे केंब्रिजला संस्कृतचा पहिला प्रोफेसर झाला, संस्कृतवाले त्याला ओळखतात, पण रुबायांच्या गोष्टीत मात्र तो कुठेच नसतो. (आपल्या माधव जूलियनांना मधे असं कोणी लागलं नाही कारण ते स्वतः फारसीचे प्रोफेसर, त्यांनी थेट मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या.)

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते डोरोथेआ टीकबद्दल. शेक्सपिअरच्या नाटकांच्या ज्या जर्मन भाषांतराला लोक 'श्लेगेल-टीक शेक्सपिअर' म्हणतात त्यातली १७ नाटकं श्लेगेलची, हे बरोबर. पण उरलेल्यांवर ज्या लुडविग टीकचं नाव आहे त्याने मुख्यतः तपासणी आणि संपादन केलं, भाषांतर केलं वोल्फ बाउडिसिनने आणि टीकच्या मुलीने, डोरोथेआने. सहा नाटकं तिची, त्यात 'मॅकबेथ' पण आहे! मुखपृष्ठावर नाव वडलांचं. १८४१ मधे ती गेली. जर्मनीत पिढ्यान् पिढ्या लोकांनी 'मॅकबेथ' तिच्या शब्दांत ऐकलं आणि त्यातल्या बहुतेकांना ती कोण हेच माहीत नसणार, आणि आपल्या लेखातही तेच झालं, याला काय म्हणायचं.

झुकोव्स्कींनी मात्र ग्रीक येत नसताना 'ओडिसी' रशियनमधे केली आणि ग्रासहोफ नावाच्या जर्मन प्रोफेसरने प्रत्येक ग्रीक शब्दाखाली जर्मन शब्द लिहून दिला होता हे स्वतःच सांगून टाकलं, म्हणजे सांगता येतं, त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडे मात्र नावं गाळायचंच चालतं. अरबी सुरस गोष्टी म्हटलं की कृष्णशास्त्री चिपळूणकर, आणि त्यांचा मान मोठाच आहे, पण त्या कामात हरि कृष्ण दामल्यांचा आणि विष्णुशास्त्रींचाही हात होता हे किती जण सांगतात?

तर विनंती एवढीच की या विषयावर पुढचा लेख काढाल तेव्हा डोरोथेआ टीक, कॉवेल आणि वांग शौचांग यांच्यावर निदान एकेक परिच्छेद द्या, आणि पुस्तक परिचयाच्या सदरात भाषांतरित पुस्तक असेल तर भाषांतरकाराबरोबर प्रस्तावनेत ज्याचे आभार मानलेत, ज्याने मूळ भाषा समजावून दिली, त्याचंही नाव छापा. जागा कमी पडत असेल तर मुखपृष्ठाचा फोटो थोडा लहान करा, चालेल.

आपला नियमित वाचक,
सांगली